चष्मेवाल्यांचा शनी

लोक साडेसाती टळावी म्हणून जिवाचा आटापिटा करतात. आमचे हे मात्र शनीला घरी बोलवायच्या मागे लागले होते, आणि त्यात अकरा महिने गेले ते दुर्बीण कुठली घ्यायची ह्या एकाच प्रश्नात. आमचं लग्नसुद्धा ह्यापेक्षा लवकर ठरलं होतं.

हे चष्मेवाले. छत्तीस वर्षं तेच दुकान, नाक्यावर, बँकेच्या जिन्याखाली. एक आरसा, एक उंच स्टूल, भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणारा अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की त्याच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवायची आणि भिंगं बदलत विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" दिवसातून दोनशे वेळा. घरी आल्यावरही जिभेची सवय जात नाही. पडद्याचं कापड आणलं, पहिलं बरं की दुसरं? लेकीला दोन स्थळं आली, तेव्हाही पोरीला हाच प्रश्न. ती म्हणाली, तिसरं. तिसरं निघालं सोन्यासारखं, ते सोडा.

आता शनीच का, ते सांगते. ह्यांचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. हा माझा शब्द नाही, डॉक्टरांचा. माझा शब्द असता तर मी नुसत्या डोळ्यावर थांबले नसते. पण हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरगं मान वाकडी करून बघतं म्हणून सासूबाई त्याच्या पाठीत धपाटे घालायच्या. अकराव्या वर्षी शाळेत कोणीतरी दुर्बीण घेऊन आलं, शनीची कडी दाखवायला. वर्गाची रांग लागली. पुढच्या मुलाने उजवा डोळा मिटला होता, म्हणून ह्यांनीही उजवा मिटला आणि डावा लावला. दिसणार काय, कपाळ? "सर, काही दिसत नाही," म्हणाले. सगळा वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, "चल, पुढचा!" आणि दंडाला धरून बाजूला केलं.

त्याच सरांनी दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याकडे पाठवलं. चष्मेवाला म्हणाला, चार वर्षं आधी आणायला हवं होतं. डोळा गेला तो गेलाच, पण पोरगं त्या दुकानात जे चिकटलं ते पुढे दुकानाचं मालकच झालं. सगळ्या गावाला लांबचं दाखवलं, पण शनी काही बघितला नाही. मी विचारलं की म्हणायचे, "बघू कधीतरी."

मग तो कधीतरी अंगावर आला. चांगल्या, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्षभरात काढावाच लागेल. साधं ऑपरेशन आहे, पण तुमचा हा एकच डोळा कामाचा आहे, म्हणून आधीच सांगते, हजारात एखादा बिघडतो." बाईंनी हजार म्हटलं, ह्यांना तो एखादाच ऐकू आला. घरी येऊन बूटसुद्धा न काढता म्हणाले, "ह्या डोळ्याला कोणी हात लावायच्या आधी मला एकदा शनी बघायचाय. आणि फोटो काढायचाय. उद्या डोळा गेलाच, तर फोटो बघून तू मला सांगशील ना, कडी कशी दिसते ते?"

मी बाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. बाहेर येऊन म्हटलं, "घ्या दुर्बीण."

घ्या म्हणणं सोपं. पहिली बघितली ती भिंगांची लांब नळी. हलकी, चंद्र झकास. पण ह्यांनी भिंग उजेडात धरलं आणि तोंड कडू केलं. "कडेला जांभळी किनार येते. माझ्या दुकानात असलं भिंग मी कोणाच्या नाकावर चढवलं नसतं." झालं, ती बाद. दुसरी मोठ्या आरशाची, लाकडी पेटीवर बसवलेली, पिंपाएवढी. फिकट ताऱ्यांचे पुंजकेसुद्धा दिसतात म्हणे. पण ती हाताने ढकलायची. आकाश सरकत राहतं, म्हणजे फोटो पुसट. शिवाय ते पिंप गच्चीवर नेणार कोण, मी? तिसरी आखूड, जाडजूड, आत भिंगही आणि आरसाही, स्टँडला मोटर. तिच्यातून आकाशाचा तुकडा फार लहान दिसतो, म्हणून ती नको. पुन्हा पहिली. पहिलं बरं की दुसरं, दुसरं बरं की तिसरं! वहीभर तक्ते केले ह्या माणसाने.

आणि गिऱ्हाइकांना काय सांगतात ठाऊक आहे? कोणी म्हणालं की मला एकाच चष्म्यात पेपर, टीव्ही, गाडी सगळं हवं, तर हे हसून सांगतात, "काका, एका चष्म्यात सगळं जग बसत नाही, काहीतरी सोडावं लागतं." स्वतःला मात्र चंद्राचे खड्डे हवेत, शनीची कडी हवी, पुंजके हवेत, फोटो हवेत, आणि दुखऱ्या गुडघ्याने एकट्याला उचलता आली पाहिजे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ह्या नादात ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी फोन मलाच केला. "सोमवारी सकाळी आठ. आता पुढे ढकललंत तर डोळ्याची जबाबदारी माझी नाही." मी ह्यांच्या हातातली वही काढून घेतली आणि दुर्बिणीच्या दुकानाला फोन लावला. तिथला माणूस शहाणा निघाला. म्हणाला, "ताई, साहेबांना सांगा, आधी पाय बघा, मग डोळा. दुर्बीण कितीही मोठी घ्या, स्टँड थरथरला तर काही दिसत नाही. सहा इंची आरसा घ्या, दणकट स्टँड घ्या, आकाशाबरोबर हळूहळू फिरणारी मोटर घ्या. सगळं थोडं थोडं जमेल." मी म्हटलं, पाठवा. अकरा महिन्यांचं काम सात मिनिटांत झालं.

शुक्रवारी खोकी आली आणि आकाश भरून आलं. शनिवारीही ढगच. घरात रिकामा बसलेला चष्मेवाला म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळणार नाही. काच दिसली की पुसायची! पाहुण्याच्या नाकावरचा चष्मा काढून पुसून परत लावतात, विचारतसुद्धा नाहीत. शनिवारी दुपारी माझा जरा डोळा लागला होता, तेवढ्या वेळात ह्यांनी दुर्बिणीचं बूड उघडलं, आरसा बाहेर काढला, त्यावरचे चार धुळीचे कण फुंकून, कापसाने टिपून साफ केले आणि परत बसवला. मी उठले तर शेवटचा स्क्रू पिळत होते.

"अहो, हे काय आरंभलंय?"

"आरसा आत खुळखुळत होता गं. कारखान्यात ढिला ठेवलाय गाढवांनी. आता बघ, टिचकी मार, हलतोय का?"

नव्हता हलत.

रविवारी संध्याकाळी देवाची कृपा म्हणा, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. गच्चीवर आम्ही तिघं. सासूबाई खुर्चीत, गुडघ्यावर शाल. शनी पश्चिमेला होता, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीपासून दोन हात वर. नऊच्या सुमाराला तो टाकीमागे जाणार, आणि सकाळी आठला ऑपरेशन. ह्यांनी चष्मा काढला, उजवा डोळा लावला. मी श्वास धरून उभी.

बराच वेळ गेला. नजर जुळवायची चाकं फिरवून झाली, ह्या बाजूला, त्या बाजूला. मग हे सरळ झाले आणि म्हणाले, "वा. छान आहे."

छान आहे? पन्नास वर्षांनी शनी बघितला आणि छान आहे? चौतीस वर्षांचा संसार आहे माझा. ह्या आवाजात हे फक्त माझ्या बहिणीच्या गाण्याला छान म्हणतात. मी म्हटलं, "कडी दिसली?"

"दिसली की." आणि चष्म्याची काच पुसायला लागले. आधीच स्वच्छ असलेली.

"सरका," म्हटलं आणि मी डोळा लावला. आत शनी नव्हताच. तीन कोपरे असलेला एक उजेडाचा ठिपका, त्याला शेपटी फुटलेली, कोणी ओल्या बोटाने पुसल्यासारखी.

"अहो, मलाही काही धड दिसत नाही!"

"काय?"

"तीनकोनी धब्बा दिसतोय! कसली कडी न् कसलं काय!"

तुम्हाला सांगते, नव्या दुर्बिणीची वाट लागली हे ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझे दोन्ही खांदे धरून हलवले. "तुलाही? तीनकोनी? शप्पथ? म्हणजे माझा डोळा नाही, दुर्बीण बिघडलीय!" आणि तिथल्या तिथे पाण्याच्या पाइपावर बसून रडले. मला वाटलं डोळाच संपला गं, म्हणाले, तुला सांगायचा धीर होईना. मलाही रडू आलं, पण घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. खाली जाऊन दुर्बिणीचं माहितीपुस्तक आणलं. ह्यांनी ते उघडलंही नव्हतं. छत्तीस वर्षं काचेत गेलेल्या माणसाला पुस्तक कशाला? पाचव्या पानावर ठळक अक्षरांत होतं: आरशाच्या पकडी आवळू नयेत. आरसा किंचित हलता असावा. आवळल्यास तारे तीनकोनी दिसतात.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी कपाळावर हात मारला.

"चष्म्यात भिंग हललं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं गं. हात आपोआप पिळतो."

"पिळलेलं आता सोडवा. पाऊण तास आहे."

मग मात्र मी चष्मेवाला बघितला. तोंडात बारीक टॉर्च, बोटांत चष्म्याचे स्क्रू फिरवायचं इवलंसं हत्यार. तिन्ही पकडी हलकेच ढिल्या केल्या. पण आरसा काढघालीत तिरका झाला होता, त्याचा मध्य जुळवायचा होता. आणि भिंगाचा मध्य बुबुळासमोर आणायचं काम तर ह्या माणसाने जन्मभर केलंय. पुस्तकात लिहिलं होतं, नवशिक्याला दोन तास लागतील. ह्यांना पंचवीस मिनिटं लागली. एक स्क्रू फिरवायचे आणि मला विचारायचे, "पहिलं बरं की दुसरं?" मी म्हणायची दुसरं. मग पुढचा स्क्रू. त्या प्रश्नाचा मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा राग आला नाही.

पावणेनऊला ह्यांनी डोळा लावला. ह्या वेळी वा नाही, छान नाही, काही नाही. नुसते वाकून उभे. मी बाजूने बघितलं तर गालावरून पाणी ओघळत होतं. फार वेळाने बारीक आवाजात म्हणाले, "दिसलं, सर."

टाकी जवळ येत होती. फोटो राहिला होता, मलाही बघायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "अहो, आता जरा..."

तेवढ्यात मागून सासूबाई बोलल्या. म्हणाल्या, "बघू दे गं त्याला. बाळा, सावकाश बघ. तेव्हा मला कळलं नाही रे, उगाच मारलं तुला. बघ. मागे रांग नाही."

शेवटी टाकीच्या कडेला शनी टेकला तेव्हा मी ह्यांना अक्षरशः ओढून बाजूला केलं, मोबाइल डोळ्याच्या जागी धरला आणि दिसेल ते दाबत सुटले. एकवीस फोटो काढले. वीस नुसते काळे. एकविसाव्यात तांदळाच्या दाण्याएवढा शनी, दोन्ही बाजूंना कान फुटल्यासारखी कडी. हे त्या रात्री तो फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. डोळ्याला चिकटवून, लांब धरून, उशीवर ठेवून. "अप्रतिम," म्हणाले. "ह्यात एक खोट काढून दाखव."

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी पट्टी काढायला गेलो. मी बाहेर थांबायला हवं होतं, पण मी कसली थांबते. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडवली, डोळा पुसला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. "वाचा बघू."

"थांबा," हे म्हणाले. खिशातून मोबाइल काढला, तो फोटो उघडला आणि समोर धरला. बघत राहिले. मी सगळ्या देवांना एकदम हाक मारली.

मग ह्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं," हे म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात हा अंगठा कोणाचा आलाय?"