उलटी बसवलेली खिडकी

भूतबित मी कधी मानलं नाही. नवीन पनवेलमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढण्यात माझी वर्षं गेली. घरात गळती असते, वाळवी असते, भूत नसतं असंच मी सगळ्यांना सांगायचे. हे लिहितेय ते आईसाठी... पटलं तर पटलं.

२०११ सालची गोष्ट. माझं माहेर शिरढोणच्या अलीकडच्या एका गावात. दादाने शेत विकून बंगला बांधायला काढला, आणि त्याला हवा होता ‘व्हिक्टोरियन’ – उतरतं टोकदार छप्पर, कडेला लाकडी झालर, रंगीत काचा. हौसेला मोल नसतं! जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून त्याने एक अस्सल खिडकीही आणली. लाल मातीच्या डोंगरावरच्या कुठल्याशा इंग्रजी बंगल्यातली, सागवानी, वर गॉथिक कमान, भोवती कोरलेली द्राक्षवेल.

बसवल्यावर बघितली आणि मी कपाळाला हात लावला. नक्षी हॉलच्या बाजूला होती. पावसाचं पाणी निथळायला खालच्या पट्टीला दिलेला उतारही आत. म्हणजे खिडकीची बाहेरची बाजू घरात!

“भायेर काय कंपाउंडची भिंत बगनार नक्षी?” दादा म्हणाला. “हलदीला पावनं येतील, ते हॉलमदी बसतील ना.”

हळदीच्या पाहुण्यांपुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही. खिडकी तशीच राहिली.

आईची जागा त्या खिडकीखालच्या सोफ्यावर. दिवाळीनंतर ती भरदुपारी कुडकुडायला लागली. मी गेले की माझा हात धरायची.

“बाय, मना आत घे गो. किती येल भायेर बसू?”

“आई, तू हॉलमध्येच आहेस.”

“नाय. आत ती मानसं हायेत.” आणि खिडकीकडे बोट दाखवायची.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय. पण तिला विकलेल्या शेताचा बांध न् बांध आठवत होता, नातवंडांच्या खोड्या आठवत होत्या. फक्त आपण घरात आहोत हे काही केल्या पटत नव्हतं. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणायची, “माजं घर हाय ह्ये. मना ह्याच्यातच जायचंय.”

एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. पंखा बंद, दार बंद. मानेवर गार वारा आला, ओल्या पाल्याचा वास आला. काचेवर थेंब दिसले म्हणून पदराने पुसायला गेले... थेंब आमच्या बाजूला होते. आणि काचेपलीकडे कंपाउंडची भिंत नव्हती. पिवळा उजेड होता. मग कुणीतरी पलीकडून पडदा ओढून घेतला. त्या खिडकीला आम्ही पडदे लावलेच नव्हते.

“बग,” आई हळूच म्हणाली, “आता दार पन लावतील.”

मी दादाशी भांडले. त्याचा विश्वास बसला नाही, पण आईसाठी तो खिडकी फिरवायला तयार झाला. सुतार सोमवारी येणार होता.

रविवारी शेजारी हळद होती. आईला जेवू घालून, बाहेरून कडी लावून वहिनी जरा वेळ तिकडे जाऊन आली. कडी होती तशीच होती. आई सोफ्यावर होती, पण जीव गेला होता. लुगडं निथळत होतं. तळव्यांना लाल माती लागली होती. आमच्या गावची माती काळी, आणि पाऊस जाऊन महिने झालेले.

हार्ट फेल, असं डॉक्टर म्हणाले. मातीबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

आईचे दिवस झाल्यावर खिडकी फिरवली. आता पावसाळ्यात ती बाहेरूनच भिजते, चारचौघींसारखी. त्या दिवशी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही.

फक्त दादा रात्री पुढच्या दाराला कडी लावत नाही. मी एकदा त्याच्यावर चिडले – अरे, चोर शिरतील.

तो म्हणाला, “आय भायेर हाय ना, बाय.”