अध्यक्षांचा दिवा

आमच्या अकोल्यात मेंबर कोण, हे नळावरून कळायचं. उन्हाळ्यातही ज्याच्या घरापुढचा नळ धो धो वाहतो, तो मेंबर. दिव्याची भानगड मी पहिल्यांदा पाहिली ती लग्न होऊन सासरी आले तेव्हा. सासर म्हणजे अमरावतीपासून मोटारीनं तासाभराच्या अंतरावरचं एक तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही. तिथे अजून माझी माणसं राहतात आणि मला या वयात कोणाशी भांडायचं नाही.

त्या गावची पद्धत अशी की, कोणी नगरपालिकेचा अध्यक्ष झाला की त्याच्या दारापुढे एक खास दिवा उभारायचा. बिडाचा खांब, वर चौकोनी कंदील, रस्त्याच्या बाजूला हिरवी काच. इंग्रजांच्या वेळी कोणी स्कॉटलंडचा साहेब तिथे होता म्हणे. त्याच्या मुलखात गावच्या मुख्याच्या घरापुढे असे दिवे असतात, म्हणून त्यानं ते खूळ इथे आणलं. साहेब गेला, रॉकेल जाऊन वीज आली, खूळ राहिलं. आणि खरी मेख पुढेच आहे. अध्यक्षपद गेलं तरी दिवा काढायचा नाही. एकदा दिलेला मान परत कसा घ्यायचा, असं नगरपालिकेचं म्हणणं.

माझ्या वडिलांनी तो दिवा पाहूनच मुलगी दिली, असं मी त्यांना जन्मभर चिडवत आले. बोलणी झाली तेव्हा माझे सासरे अध्यक्ष होते. मला हळद लागेपर्यंत ते निवडणुकीत सपशेल पडले होते. मी उंबरठा ओलांडला तो माजी अध्यक्षांच्या घराचा, पण दिवा आपला रोज संध्याकाळी सडकेवरच्या इतर दिव्यांबरोबर फुलायचा. तो पेटला की माणसं यायची. कोणाची नाली तुंबलेली, कोणाच्या गल्लीत पाणी नाही, कोणाला पोराला शिपाई म्हणून चिकटवायचं. सासूबाई मी यायच्या आधीच वारलेल्या, त्यामुळे या सगळ्या दरबाराचा चहा माझ्या गळ्यात.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, माणूस सज्जन. कोणाचा छदाम खाल्ला नाही त्यांनी. पण ‘आता माझ्या हातात काही नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ! आलेल्याचं सगळं ऐकून घ्यायचे, टोपी जरा मागे सारायचे आणि म्हणायचे, “पाहतो मी.” तेवढ्यावर माणूस खूश होऊन जायचा. मी आत स्टोव्हला पंप मारत धुसफुसायची. काय पाहता, डोंबल?

त्यांतच एक माळीणबाई होती. गावाबाहेर विहिरीवर तिचा भाजीचा मळा होता. जुन्या बाजाराच्या तोंडाशी ती बसायची. तिच्या आधी तिची सासू त्याच जागेवर बसायची. आता नगरपालिका तिथे नवा बाजार बांधत होती, भाजीवाल्यांना सिमेंटचे ओटे मिळणार होते. ओटा हवा त्यानं कचेरीत जाऊन आपलं नाव घालायचं आणि मुदतीनंतर रस्त्यावर कोणी बसायचं नाही, अशी दवंडी झाली. ही बाई कचेरीत गेली नाही. ती सरळ आमच्या दिव्याखाली आली.

“भाऊसाहेब, मले एक ओटा पाह्यजे,” म्हणाली. “ते जागा गेली तर मी भाजी कुठी इकू? मळ्यावर तर गिऱ्हाईक येत नाई.”

“पाहतो मी,” मामाजी म्हणाले. “तू बेफिकर राय.”

ती बेफिकीर झाली. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी ती सांभार, म्हणजे कोथिंबीर, द्यायला आली तेव्हा मी तिला दारातच धरलं. म्हटलं, “बाई वं, मामाजी आता अध्यक्ष नाहीत. तू कचेरीत जा, तिथे नाव घाल. मुदत संपून राहिली.”

ती हसली. नव्या सुनेला काय कळतं, असं ते हसू होतं. मग तिनं मान वर करून त्या कंदिलाकडे पाहिलं आणि म्हणाली, “मंग हा दिवा कायले हाये, सूनबाई?”

आता हिला स्कॉटलंडच्या साहेबाची गोष्ट सांगू?

यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगून पाहिलं. “बाबांले कोण सांगन?” म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. सासऱ्यांपुढे मान वर करून बोलायची तेव्हा माझी प्राज्ञा नव्हती. तरी एकदा ताट वाढताना मी बोललेच, “मामाजी, त्या माळीणबाईचं काय झालं?” त्यांचा घास तसाच हातात राहिला. “जातो उद्या,” म्हणाले.

आणि गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. परीटघडीची टोपी, लांब कोट घालून गेले. परत आले ते जेवणाची वेळ उलटून. मी पाण्याचा तांब्या दिला. घोट घेऊन म्हणाले, “नवे अध्यक्ष मीटिंगमध्ये होते.” इतका वेळ त्यांना बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. ज्या शिपायाला त्यांनीच नोकरीला लावलं, तोच आत सोडेना. मला इतकं वाईट वाटलं की, मी त्यांच्यावर रागावले होते तेच विसरून गेले. ते पुन्हा गेले नाहीत.

ओटे वाटले गेले. माळीणबाईचं नाव कुठेच नव्हतं, असणार कसं? त्या संध्याकाळी ती आली, टोपली उतरवली आणि आमच्या दिव्याखाली बसली. भांडली नाही, रडली नाही. पोतं अंथरलं, त्यावर भेदरं, म्हणजे टमाटे, वांगी, मेथीच्या जुड्या मांडल्या आणि विकायला लागली. उजेड होता, येणारं-जाणारं माणूस होतं. आठवडाभर बरं चाललं. मामाजी ओसरीतून पाहायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव आल्यासारखा वाटायचा.

मग एका संध्याकाळी नगरपालिकेची गाडी आली. मुकादमानं टोपली उचलून गाडीत टाकली. भेदरं सडकेभर गडगडली. मामाजी अनवाणी धावत बाहेर गेले. “अरे, थांब! माझ्या दारात आहे ती!”

मुकादम ओशाळला. हात जोडून म्हणाला, “भाऊसाहेब, दिवा तुमचा हाये. पन सडक नगरपालिकेची हाये. हुकूम हाये, मी काय करू?”

तोही बिचारा काय करणार होता? मामाजी खांबाला हात धरून उभे राहिले. हिरव्या उजेडात त्यांचा चेहरा मला बघवेना. मी खाली बसून भेदरं पदरात गोळा करत होते. मामाजी तिच्याकडे वळले, सवयीनं टोपीकडे हात गेला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात ती हलक्या आवाजात म्हणाली, “राहू द्या, भाऊसाहेब. पाहतो म्हनू नका.”

त्यानंतर मामाजी संध्याकाळी ओसरीवर बसेनासे झाले. दिवा काढून न्या, असं त्यांनी स्वतः नगरपालिकेला कळवलं. मानाचा दिवा काढायची तरतूद नाही, असं उत्तर आलं. तो पेटायचा आणि आम्ही पुढचं दार लावून घ्यायचो.

महिन्या-दोन महिन्यांनी मागच्या दारी हाक आली. माळीणबाईच होती. डोक्यावर टोपली घेऊन आता दारोदार फिरत होती, पायांना भेगा पडलेल्या. मी म्हटलं, “अगं, इतकी बोळातून वळसा घेऊन काहून आलीस? पुढच्या दारानं ये की.”

“नाई वं, सूनबाई,” ती म्हणाली. “तिकडं दिवा हाये. मी भाऊसाहेबाले दिसीन.”

इतक्यात आतून मामाजींचा आवाज आला, “कोण आलं गं?”

तिनं घाईघाईनं नकाराची मान हलवली.

“कोणी नाही, मामाजी,” मी म्हटलं आणि मेथीची जुडी पदराखाली घेतली.