अंधारातली खडखड

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाबरोबर मला बर्डीच्या बाजारातली एक गल्ली आठवते. तेव्हा मी टेलिफोन ऑफिसात होते आणि पाळी सुटायला रात्र व्हायची. त्या गल्लीत आमच्यातल्या एकीची पर्स हिसकावली गेली, आणि आमच्या घरी नोकरी सोडायची भाषा सुरू झाली. मग दुकानदारांनीच ठरवलं, की आम्ही मुली बसस्टॉपवर पोचेपर्यंत आळीपाळीनं रोज एकानं दुकान उघडं ठेवून बत्ती लावायची. एकदा टेलरकाकांची पाळी होती आणि मी एकटीच होते. गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि लाईट गेली. पाय उचलेना. तेवढ्यात आतून मशीनची खडखड ऐकू आली. तिच्या रोखानं चालत दुकानापाशी आले आणि विचारलं, "अंधारात काय शिवून राहिले, काका?" ते म्हणाले, "काही नाही वं पोरी. बत्ती गेली तं गेली, पण इथं माणूस हाये हे तुले समजाले पाहिजे ना." मी स्टॉपवर पोचेस्तोवर मागे खडखड चालूच होती. परवा नात क्लासवरून यायच्या वेळेला लाईट गेली आणि तिची पावलं खाली जिन्याशीच थांबली. मी दार उघडं टाकलं आणि सुईत दोरा न ओवताच मशीन चालवायला बसले.