कुणी न नेलेली पाटी

"तुमच्या नावाचा अर्थ काय हो?"

हा प्रश्न पाटीवाल्यांना जन्मभर पुरला. शाळेत मास्तरांनी विचारला, लग्न ठरवायला बसले तेव्हा मुलीच्या मामाने विचारला, दवाखान्यात नर्सने सुई टोचता टोचता विचारला. आधी आधी ते खरं सांगायचे, की माहीत नाही. पण माहीत नाही म्हटलं की लोक कीव करतात. मग ते वाटेल ते ठोकून द्यायला लागले. एकाला सांगितलं, सूर्य. दुसऱ्याला सांगितलं, एका डोंगराचं नाव आहे. नर्सला म्हणाले, "जो ओरडत नाही तो," आणि पुढच्याच क्षणी असे ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

नाव पाच अक्षरी, त्यात जोडाक्षरं ठासून भरलेली. घरात कुणाच्या तोंडात ते धड बसलंच नाही. आई 'बाळ्या' म्हणून मोकळी झाली. बायकोला 'अहो'ची सोय होती, नाहीतर संसार कसा झाला असता कुणास ठाऊक. गल्लीत सगळे पाटीवाले म्हणायचे, कारण दुकान दारावरच्या नावाच्या पाट्यांचं. अख्खं नाव हौसेने घ्यायचा तो एकटा बारीक, त्यांचा शाळेपासूनचा मित्र. हा बारीक आता ट्रकच्या दारातून आडवा होऊन उतरतो, पण नाव पडलं ते पडलं.

नावाचं दु:ख काय असतं ते ज्याचं नाव चारचौघांसारखं आहे त्याला नाही कळायचं. वर्गात एका नावाची तिघं असली की मागचा पुढच्याच्या आड लपू शकतो. पाटीवाल्यांना लपायला आडोसाच नव्हता. नाव घेतलं की सापडलेच! दुकानात नावांचे हंगाम यायचे. एका वर्षी सगळ्यांच्या मुलांची नावं दोन अक्षरी, दुसऱ्या वर्षी सगळी आकाशातली, मग अचानक जुनी पणजोबांची नावं परत. पाटीवाल्यांनी हजारांनी पाट्या कोरल्या, पण स्वत:चं नाव कोरायची वेळ एकदाही आली नाही. एकदा त्यांच्या मुलाने फोनवर हे नाव शोधलं, तर जगात एकच सापडला. दुकानाच्या पाटीखाली बसलेला, चष्मा कपाळावर, तोंड वासलेलं. फोटो बारीकनेच टाकला होता.

तर ती पाटी. सगळं तिच्यामुळे झालं.

पाटीवाल्यांच्या आजोबांनी दुकान नवं नवं टाकलं होतं तेव्हा एक प्रवासी माणूस आला, हे नाव सांगितलं, म्हणाला, मोठ्या पितळी पत्र्यावर कोरा, उद्या नेतो. आजोबांनी रात्रंदिवस खपून अशी पाटी केली की तशी त्यांच्याही हातून पुन्हा झाली नाही. तो उद्या काही उजाडला नाही. पाटी वितळवणं आजोबांच्या जिवावर आलं. म्हणाले, येईल तोवर नमुना म्हणून लावू, आणि दारावरच्या दगडात चार लांब स्क्रूंनी बसवली. वर स्क्रूची डोकी कानशीने घासून टाकली, चोराला काढता येऊ नये म्हणून. चोर नाही आला, पण नंतर ती घरच्यांनाही काढता येईना.

लोक दुकानात शिरून विचारायचे, "हे कुठे आहेत?" आजोबा म्हणायचे, "बाहेर गेलेत." किती वर्षं माणूस बाहेर असणार? गिऱ्हाइकं संशयाने बघायला लागली. म्हाताऱ्याच्या मनाने घेतलं की पाटीवर एक आणि खुर्चीत दुसराच, हे दुकान खोटं. पाटी बदलता येत नव्हती, म्हणून त्यांनी माणूस तयार केला. नातू झाला, त्याला ते नाव ठेवलं. अहो, लोक देवाचं नाव ठेवतात, पूर्वजांचं ठेवतात; यांनी पडून राहिलेल्या ऑर्डरचं ठेवलं!

पोरगा मोठा झाला तो त्या पाटीखालीच. त्याचे वडील छपाईची शाई विकणाऱ्या कंपनीत होते, बाराही महिने गावोगाव. ते आले की त्यांच्या बॅगेला वेगवेगळ्या खोल्यांचे वास यायचे, आणि पोरगा बॅग हुंगत बसायचा. त्याला रस्ते बघायचे होते, दुसरं काही नको होतं. बारीकबरोबर गाडी शिकला, लायसन्स काढलं, लांब पल्ल्याच्या ट्रकवर नोकरीही ठरली. आणि नेमके आजोबा अंथरुणाला खिळले. त्यांनी हात धरला.

"पाटीखाली त्या नावाचा माणूस असेल ना रे?"

मरणाऱ्याला नाही म्हणायला छाती लागते. पोरगा म्हणाला, "असेल."

"घरात दुसरा त्या नावाचा झाला, की तू मोकळा," म्हातारा म्हणाला. "पाळण्यातला असला तरी चालेल."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा गेल्यावर व्हायचं होतं चालतं. तुमचं काय जातंय म्हणायला! दिलेला शब्द पाटीवाल्यांना उठता-बसता कानात ऐकू यायचा. स्वत:च्या मुलाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ते हळूच म्हणाले, "आपलंच ठेवू का?" बायको कडाडली, "या नावाचा एक सांभाळतेय, तेवढा पुरे!" मुलाचं नाव साधंसुधं दोन अक्षरी ठेवलं. तो मोठा झाला, अक्षरं कोरायचं मशीन घेऊन बसला, आणि दर वर्षी म्हणायचा, "बाबा, तुम्ही जाऊन या ना. मी आहे की." पाटीवाले बोट वर करायचे. "तिथे तुझं नाव नाही."

बारीकचा ट्रक आठवड्यातून एकदा गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. तो खाली उतरून जाऊन आलेल्या गावांचं सांगायचा आणि पाटीवाले कोरणीला धार लावत ऐकायचे. ट्रक गेल्यावर धूर विरेपर्यंत बघत राहायचे, आणि मग दिवसभर कुणाशी नीट बोलायचे नाहीत. बायकोला कळायचं. ती त्या दिवशी ठरवून भांडण टाळायची.

आणि पाटीवाल्यांना नातू झाला.

घरात बाळापेक्षा जास्त आनंद पाटीवाले सुटणार याचाच झाला. मुलाने स्वत:हून सांगितलं, "तेच नाव ठेवायचं. तुम्ही आता निघा, बाबा." सून समजूतदार, तीही तयार. बारीकने ट्रकमध्ये त्यांच्यासाठी गादी टाकली. नाव ठेवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. बायकोने बॅग भरून दारात ठेवली, वर म्हणाली, "फोन करत जा, नाहीतर नवं नाव ठेवीन."

या घराची एक रीत होती. मूल झालं की घरातल्या जाणत्या हाताने छोटी पितळी पाटी कोरायची आणि पाळण्याला ठोकायची. पाटी ठोकली की नाव पक्कं. पाटीवाले दुपारी पत्रा शिकंज्यात आवळून बसले. सून बाळाला खांद्यावर थोपटत आली आणि सहज म्हणाली, "बाबा, तुम्हाला तुमचं नाव आवडतं का हो?"

अर्थ सगळ्यांनी विचारला होता. हे कुणीच विचारलं नव्हतं. बाळाने नेमकी तेव्हा जांभई दिली, इवलासा जबडा पार फाकवून. फोनवरच्या त्या फोटोतलं तोंड! आपला चेहरा याच्याकडे आला तो आला, आता खुर्चीही याच्याच गळ्यात पडणार, असं त्यांच्या मनात आलं. हा सोळाचा होईल, याला कुठे जावंसं वाटेल, आणि कुणीतरी बोट वर करून दाखवेल. सून गेली तसं त्यांनी दार लावून घेतलं. पेन्सिलने पहिलं अक्षर काढलं होतं ते अंगठ्याने पुसलं. मग पत्र्याला नुसतंच पॉलिश केलं.

नाव ठेवायच्या दिवशी त्यांनी ती पाटी पाळण्याला ठोकली. सगळे वाकून बघायला लागले, पण नाव कुणीच वाचेना. कोपऱ्यात खाटेवर पाटीवाल्यांचे वडील बसले होते. फिरतीची नोकरी संपली तसे डोळेही गेले, तेव्हापासून ते दुकानामागच्या याच खोलीत. पाट्या ते अंगठ्याने वाचायचे.

"माझा हात लावा तिला," ते म्हणाले. बाळाच्या बापाने त्यांचा हात धरून पाटीवर ठेवला. अंगठा इकडून तिकडे गेला. परत आला.

"कोरी आहे रे."

"कोरीच आहे, दादा," पाटीवाले म्हणाले. "त्याच्या आईबापांना आवडेल ते ठेवू देत. मी नाही याला अडकवणार."

"मग तू कसा सुटणार?"

"नाही सुटत."

बायकोने पदराने डोळे टिपले आणि दारातली बॅग उचलून आत न्यायला निघाली. दादांचा अंगठा अजून पत्र्यावरच होता.

"ते नाव मला ठेवणार होते," ते म्हणाले. "गिऱ्हाइकं संशय घ्यायला लागली तेव्हा मी कॉलेजात होतो. तुझे आजोबा म्हणाले, नाव बदल आणि खुर्चीत बस. मी म्हटलं, मला मुलगा झाला की त्याला ठेवा. तू झालास आणि दुसऱ्याच दिवशी मी शाईच्या कंपनीत गेलो."

पाटीवाल्यांना असा राग आला की कानशिलं तापली. जन्मभर हुंगलेल्या त्या बॅगा! "एवढी वर्षं तोंडाला कुलूप होतं?" ते ओरडले. बाळ दचकून रडायला लागलं, सून त्याला घेऊन बाहेर गेली. दादा म्हणाले, "ती पाटी काढ पाळण्याची. तेच नाव कोर त्यावर, आणि माझ्या खाटेला ठोक. घरात दुसरा झाला की तू मोकळा, असंच ठरलं होतं ना? मी होतो दुसरा."

"दादा, या वयात? डोळे नाहीत तुम्हाला."

"खुर्चीत बसायला डोळे कशाला लागतात? काम तुझा मुलगा करतोच आहे. कोर!"

पाटीवाल्यांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव कोरलं. राग गेला नव्हता, हातोडीचे घाव जरा जोरातच पडत होते. पाचवं अक्षर संपेस्तोवर मात्र त्यांना समोरचं काही दिसेनासं झालं होतं.

सकाळी त्यांनी दादांना हाताला धरून दुकानात आणलं आणि पाटीखालच्या खुर्चीत बसवलं. पाठीशी उशी दिली, पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा ठेवला. नमस्काराला वाकले, तर दादा पाय मागे घेत म्हणाले, "नीघ आता, गाडी यायची वेळ झाली."

गल्लीच्या तोंडाशी ट्रक येऊन थांबला. बारीकने हॉर्न दिला आणि खिडकीतून मान काढून ते अख्खं पाच अक्षरी नाव, एकही जोडाक्षर न खाता, गल्लीभर ऐकू जाईल असं पुकारलं.

पाटीवाल्यांनी सवयीने तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी खुर्चीतून दादांनी ओ दिली.

पाटीवाल्यांनी बॅग उचलली आणि ट्रककडे चालायला लागले.