आमदारांना न घातलेला हार

आता माझं शहाणपण कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? आधी चहा संपवा, नाहीतर हसताना ठसका लागेल.

हरमलला आमच्या घरामागे पर्यटकांसाठी एक खोली आहे. तेव्हा तिथे डेन्मार्कचा लार्स राहत होता. पाणी विहिरीचं, ओढायचं बायकोने. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, नळ येणार म्हटल्यावर तो लवकर येवो म्हणून तिने देवाला गाऱ्हाणं घातलं होतं.

नळाचं काम सुरू करायला आमदार येणार, मग घरटी एक हार न्यायचा, हा आमचा रिवाज! मी हार ओवत बसलो, तर लार्स विचारतो, "हा कशासाठी?"

"आमदारांनी नळ दिला ना!"

"स्वतःच्या घरचा दिला? आमच्याकडे शाळा, इस्पितळ, म्हातारपणीचं पेन्शन, सगळं लोकांच्या करातून. हार कोण घालतो?"

झालं! माझ्यातला नागरिक जागा झाला. हार तुळशीला घातला आणि रिकाम्या हातांनी गेलो. बरं, गप्प बसावं की नाही? वाड्यातर्फे दोन शब्द बोला म्हणाले, तर मी माइकवर गरजलो, "नळ आमच्याच पैशांचा! उपकार कसले?"

आमदार नुसते हसले. तिथेच मला कळायला हवं होतं.

सकाळी पोदेर पाव देताना विचारतो, "निशाणी खंयची घेतलंस?" म्हणजे काय, तर माझं भाषण ऐकून गावाने ठरवलं, मी निवडणुकीला उभा! शेजारी मुलीच्या नोकरीसाठी दारात. संध्याकाळी विरोधी पक्षवाले आले आणि त्यांनी मला जरीचा हार घातला. आणि मी? मान पुढे केली हो! खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

नळाचा पाइप मात्र शेजाऱ्याच्या कुंपणाशी थांबला. नळवाला म्हणाला, "फुडे फातर आसा." म्हणे पुढे दगड!

बायको माझ्या डोक्याकडे बघत कडाडली, "फातर खंय आसा, तां माका ठावक आसा!"

चार दिवस ती माझ्यासमोर कळशी आपटत पाणी ओढत राहिली. पाचव्या दिवशी पाइप दारात, नळाला पाणी! मी छाती फुगवून म्हणालो, "बघितलंस? हक्क म्हणतात तो हा!"

नळवाला हसायला लागला. "हक्क खंयचो? तुमच्या गोऱ्या सायबान आमदारांक हार घातल्यान मरे!"

लार्सही नळ बघायला आला होता. मी तडक त्याच्याकडे वळलो. "अरे, तुमच्याकडे हार घालत नाहीत ना?"

"आमच्याकडे विहिरीवर आंघोळही करत नाहीत," तो शांतपणे म्हणाला.

"आणि हार कुठून आणलास?"

तो माझ्या बायकोकडे बघायला लागला. तिने नळाखाली कळशी लावली.

"तुमच्याच खुंटीवयलो जरीचो दिलंय. तुमका आता कित्याक होयो?"