दोन खोडांचे देवदार

माझी बायको झाडं मोजते, असं मी बँकेत सांगितलं की लोकांना ती महापालिकेत असेल असं वाटतं. तिचं ऑफिस चेन्नईच्या अण्णा नगरात आहे, पण झाडं असतात देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हिमाचलच्या डोंगरउतारांवर. विमानातून लेझरचे किरण सोडून जंगलाचा नकाशा घेतात. तो तिच्या संगणकावर येतो आणि त्यावरून त्या डोंगरात किती घनमीटर लाकूड उभं आहे, याचा अंदाज ती काढते. तो बरोबर आहे का हे बघायला मात्र तिथं जाऊन काही जागची झाडं हातानं मोजावी लागतात.

आमचं घराणं तंजावरकडचं, मी जन्मलो-वाढलो चेन्नईत. ती सांगलीची. लग्नाआधी माझ्या मराठीतला तमिळ सूर ऐकून हसायची, आता स्वतःच उठताबसता ‘बरं’ऐवजी ‘सेरी’ म्हणते. एका वर्षी माझी रजा शिल्लक होती म्हणून मी तिच्याबरोबर हिमाचलला गेलो. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चहा पीत बसायचं, एवढाच माझा बेत होता. पण तिचा सहकारी तापानं पडला आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात आलं.

“झाडाच्या वरच्या अंगाला उभा राहा,” तिनं पहिल्याच देवदाराशी सांगितलं. “घेर आपल्या छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो. उतारावर खालच्या बाजूनं मोजलं तर ती उंची चुकते, मग घेरही चुकतो.”

घेर झाला की ती लांब जाऊन कोन मोजायच्या छोट्या यंत्रातून आधी शेंड्याकडे आणि मग बुंध्याकडे बघायची. त्यावरून उंची निघे, आणि घेर-उंचीवरून लाकडाचं घनफळ. घरी माळ्यावरचं पातेलं काढायला मला हाक मारणारी ही बाई बुटांच्या कडा मातीत रुतवत उतार आडवा कापत होती. मी मात्र देवदाराच्या वाळलेल्या सुयांवरून घसरत होतो.

शेवटची जागा एका घळीत होती. आम्ही तोंडाशी पोचलो तोच धुकं चढलं. बरोबरचा वनरक्षक म्हणाला, “मॅडम, आत वाट बिकट आहे. शेजारच्या जागेचेच आकडे धरा, जंगल तर सारखंच आहे.”

“सारखं दिसतं,” ती म्हणाली. “उद्या सकाळी येऊ.”

मला मनातून त्याचंच पटलं होतं. दुसऱ्या दिवशी घळीत उतरताना मी मध्येच मटकन खाली बसलो. खाली बघवेना. ती परत वर आली, शेजारी टेकली.

“खाली बघू नकोस. माझ्या पाठीकडे बघ. मी जिथं पाय ठेवते तिथंच तू ठेव.”

“आणि तू घसरलीस तर?”

“तर तू तिथंच थांब,” ती शांतपणे म्हणाली आणि उठली. तिच्या आवाजात ना चिडचिड होती, ना माझी कीव. मी तिच्या पाठीकडे बघत उतरलो.

घळीत पोचल्यावर तिनं वर पाहिलं, मग झाडांच्या बुंध्यांकडे. तिथल्या बहुतेक देवदारांना कमरेच्या उंचीवरच फाटा फुटला होता.

“रोप असताना शेंडा बर्फानं मोडतो,” वनरक्षक म्हणाला. “मग झाड दोन शेंडे धरतं.”

तिनं मला समजावलं. छातीच्या उंचीखाली फाटा असला तर एका झाडाची दोन झाडं धरायची. वरून मात्र दोन्हींचा पर्णभार एकच दिसतो, म्हणून संगणकानं प्रत्येक जोडीला एक जाडजूड झाड समजून, दोन बारीक खोडांत मिळूनही नसतं एवढं जास्त लाकूड दाखवलं होतं. मला वाटलं, आता हिचा चेहरा पडेल, कितीतरी महिन्यांचं काम होतं ते. पण ती खुश दिसत होती. “बरं झालं आलो,” म्हणाली, आणि टेपचं टोक माझ्याकडे टाकलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही प्रत्येक फाट्याचा घेर वेगळा घेतला. माझे हात डिंकानं चिकट झाले होते. मी कंटाळलो की ती नुसती पुढच्या झाडाकडे बोट दाखवायची, आणि मी निमूट जायचो.

चेन्नईला परतल्यावर तिनं साहेबांना सांगितलं, त्या खोऱ्याचा हिशेब पुन्हा करावा लागेल, अहवाल उशिरा जाईल. ते कुरकुरले. तिनं घळीतले आकडे आणि फोटो पुढं ठेवले, आणि त्यांनी मुदत वाढवून घेतली. नवा अंदाज आधीच्यापेक्षा कमी निघाला. अहवाल गेला त्या संध्याकाळी तिनं घरी येऊन दहीभात कालवला आणि जेवताना म्हणाली, “आता बरोबर आहे.”

एवढंच. मी इतकी वर्षं बँकेत आहे, पण स्वतःच्या कामाविषयी हे तीन शब्द असे सहज मला कधी म्हणता आलेले नाहीत. पुढच्या वर्षी तिचा सहकारी ठणठणीत होता. तरी मी रजा टाकली.