बाराशे पिक्सेलची चादर

थकले आज. माझे वडील, अप्पा, मागावर चादरी विणतात. वेब डिझाइन शिकता शिकता महिनाभर त्यांच्या चादरींची वेबसाइट करतेय. सकाळी सीएसएस, म्हणजे पानाच्या मांडणीचा कोड, सुधारताना रुंदी बाराशे पिक्सेल पक्की केली. लॅपटॉपवर झकास दिसलं.

दुपारी अप्पांच्या फोनवर उघडलं, तर अर्धं पान स्क्रीनबाहेर! ते बिचारे बोटानं सरकवत राहिले.

"ऑर्डरचा नंबर कुटं हाय, बाळा?"

"लॅपटॉपवर बघा ना!" मी वैतागले.

"गिऱ्हाइकाकडं लॅपटॉप हाय व्हय? आमी चादर विणायच्या आधी पलंग केवढा हाय ते इचारतो की."

आता सगळी रुंदी पुन्हा बदलतेय. महिनाभरात अप्पांचा फोन एकदाही हातात घेतला नव्हता मी. तुम्ही तुमचं पहिलं पान कुणाच्या फोनवर उघडून बघितलं होतं?